आजी, ओव्या, घर

मार्च संपत आला होता. विभागातला पंखा फिरण्यापेक्षा कण्हतच जास्त होता आणि टेबलावर २२ प्रकल्पांची चळत होती. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आता संशोधन प्रकल्प असतो. तो तपासायला मी शेवटाकडून सुरुवात करते. आधी संदर्भसूची, मग निष्कर्ष, मग उरलेलं. ही सवय चांगली नाही हे मला कळतं, पण मेथीची जुडी घेताना आपण आधी उलटी करून देठ बघतोच ना, तसं. सूची वाचली की या पोरांनी पुस्तकं खरोखर हातात घेतली की नुसती नावं वेचली, याचा अंदाज येतो. सतरावा प्रकल्प उघडला. सूचीतली पहिलीच नोंद होती:

आजी. जात्यावरच्या ओव्या. घर, २०२४.

मला हसू आलं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. मग लाल पेनाने त्या नोंदीभोवती गोल काढला, समासात लिहिलं, ‘हे चालणार नाही. नाव? गाव? तारीख?’ आणि अठरावा प्रकल्प ओढला. संध्याकाळी घरी कणीक मळताना ती ओळ परत आठवली. तिचं नेमकं चुकलं कुठे, याचा विचार करायला लागले आणि सापडेना. लेखक, पूर्णविराम. शीर्षक, तेही तिरक्या ठशात, पूर्णविराम. स्थळ, स्वल्पविराम, वर्ष, पूर्णविराम. मी वर्षभर फळ्यावर जे लिहून दाखवत आले ते तिने मुकाट्याने जसंच्या तसं पाळलं होतं. २२ जणांत विरामचिन्हं धड होती ती तिचीच. आणि गोल मी तिच्याच नोंदीभोवती काढून आले होते.

बाकीच्यांच्या सूच्या बघितल्या असत्या तर तुम्हीही डोक्याला हात लावला असता. बहुतेकांनी त्या मोबाइलवर करून घेतलेल्या. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव टाकलं की नोंद तयार करून हातात देणारी फुकट साधनं इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्या साधनाला एवढंच शिकवलेलं असतं की नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, तो उचलायचा आणि पुढे आणायचा. त्यामुळे तीन सूच्यांमध्ये ‘गुरुजी, साने’ होते. दोघांकडे ‘महाराज, तुकाराम’. आणि एका बहाद्दराकडे ‘जनार्दनी, एका’. हे शेवटचं वाचून मी पेन खाली ठेवलं. एकनाथांनी आपल्या नाममुद्रेत स्वतःचं नाव तोडून ‘एका’ एवढंच ठेवलं आणि त्याला गुरूचं नाव जोडलं. म्हणजे सही करतानाच ‘हे मला कुणाकडून मिळालं’ ते सांगून टाकायचं. चारशे वर्षांपूर्वीची ही तळटीप, आणि यंत्राने गुरूलाच आडनाव करून टाकलं. नाथांना बहुधा त्यात काही वावगं वाटलं नसतं, हा भाग वेगळा.

यात पोरांचा दोष किती, हेही मला धड सांगता येत नाही. आमच्याकडे नियमांची जी झेरॉक्स फिरते तिची झेरॉक्स किती पिढ्यांची आहे कोण जाणे. कडेची अक्षरं काळी पडून गेलीत. एमएलए या संदर्भ देण्याच्या अमेरिकी पद्धतीच्या सातव्या आवृत्तीने २००९ साली नियम केला की नोंदीच्या शेवटी ते छापील आहे की वेबवरचं, हे लिहायचं. आठवी आवृत्ती २०१६ साली आली आणि तो नियम गेला. पुढे २०२१ साली नववी आली. आमची झेरॉक्स मात्र सातवीतच नापास होऊन बसलेली, त्यामुळे अजूनही मुलं गाथेच्या नोंदीपुढे ‘प्रिंट’ असं लिहितात. शिवाय ती सगळी पद्धत आडनाववाल्या लोकांनी आडनाववाल्या लोकांसाठी केलेली. कुसुमाग्रज कशाखाली घालायचे, ग्रेस कशाखाली, मुक्ताबाईला स्वल्पविराम द्यायचा की नाही, याचं उत्तर त्यात नाही. ते आम्ही दरवर्षी स्टाफरूममध्ये चहा पिताना नव्याने ठरवतो आणि दरवर्षी वेगळं ठरवतो.

अकारविल्हे लावण्याचं तर विचारूच नका. आम्ही शाळेत ‘ह, ळ, क्ष, ज्ञ’ असं घोकलेलं. म्हणजे ज्ञानेश्वर सूचीत सगळ्यांच्या शेवटी, पंगतीत यजमान बसतात तसे. आमच्या विभागातल्या संगणकाला मात्र ज्ञ म्हणजे ज अधिक ञ, त्यामुळे तो माउलींना जोशी-जाधवांच्या मांडीला मांडी लावून बसवतो. ळ त्याच्या लेखी ल च्या पाठोपाठचा, म्हणून काळे आधी आणि कावळे नंतर. आमच्या घोकंपट्टीप्रमाणे बरोबर उलटं. मी हाताने दुरुस्त करते. वर्गातला एक जण एकदा म्हणाला, ‘मॅडम, एवढं कोण बघतंय?’ मी म्हटलं, ‘मी बघतेय.’ त्याला उत्तर पटलं नाही ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मलाही त्याच्या वयात पटलं नसतं.

माझा एम.फिल.चा लघुप्रबंध ज्या डीटीपीच्या दुकानात टाइप झाला तिथे एका खोलीत तीन संगणक, एक प्रिंटर आणि लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचा ढीग असे. शाईचा गरम वास, बाहेर वडापावच्या गाडीवरचा तळणीचा वास, आणि मे महिना. टाइप करणारे काका दिवसा पत्रिका करायचे आणि रात्री प्रबंध. तेव्हा युनिकोड आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एका संगणकावरची फाइल दुसऱ्यावर उघडली की मराठीच्या जागी चौकोन आणि आकडे नाचायचे. काकांचा हात मात्र सफाईदार. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच समास सोडायचा, ओळींत दीडपट अंतर, हे त्यांना आमच्या मार्गदर्शक सरांपेक्षा पक्कं ठाऊक. संदर्भसूचीही तेच लावून देत. तळटिपांमधून लेखकांची नावं उचलायची आणि क्रमाने मांडायची. पहिली प्रत हातात आली तेव्हा ‘त’ खाली तुळपुळ्यांच्या आधी ‘तत्रैव’ (तळटिपेत ‘वरचाच संदर्भ’ असं सांगणारा शब्द) बसलेले होते. पुस्तकाचं नाव नाही, नुसते पृष्ठांक. काकांनी प्रामाणिकपणे मोजून ठेवलं होतं की या लेखकाचा आधार मी ३४ वेळा घेतला आहे. वर कौतुकाने म्हणाले, ‘ताई, या तत्रैवांचं तुम्ही बरंच वाचलंय.’ मी खो खो हसले आणि रात्री घरी जाऊन लाजले, कारण त्या चौतीसपैकी काही ठिकाणी ‘तत्रैव’ म्हणजे नक्की कोण, ते मलाही शोधावं लागलं. मध्ये एखादा परिच्छेद घुसडला की तत्रैवचा बाप बदलतो. ते तपासायला दोन रात्री गेल्या.

ती माहिती तपासायला माझ्याकडे बुटांच्या खोक्यात कार्डं होती. एका कार्डावर एक नोंद. वर लेखक, खाली पुस्तक, आवृत्ती, पृष्ठ, मागच्या बाजूला उतारा. सरांची शिस्त. सर स्वतः कार्ड लिहिताना आधी पृष्ठांक लिहीत आणि मग उतारा. ‘उतारा विसरला तर परत मिळतो, पान विसरलं तर गेलं,’ असं म्हणत. एकदा मला ग्रंथालयात एक जुना ओवीसंग्रह मिळाला, मुखपृष्ठ नाही, शीर्षकपान नाही, पहिली आठ पानं कसरीने खाल्लेली. बोट लावलं की पानाचा चुरा व्हायचा आणि डांबरगोळीचा वास दोन दिवस हाताला राही. वर्ष कुठून आणायचं? सर म्हणाले, ‘दात्यांकडे जा.’ मी विचारलं, ‘कुठे राहतात?’ सरांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि कपाटाकडे बोट केलं. शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथसूची, १८०० ते १९३७. मराठीत छापलेल्या पुस्तकांची एका माणसाने ध्यास घेऊन केलेली नोंद. त्या जाडजूड खंडात माझं बिनतोंडाचं पुस्तक सापडलं, तेव्हा हरवलेल्या पोराचे आईबाप सापडल्यासारखं वाटलं. दुसऱ्या एका पुस्तकावर नुसता शक होता, १८३५. त्यात ७८ मिळवले, १९१३ लिहिलं. सरांनी तिथे पेन्सिलीने फुली मारली. प्रस्तावनेखाली तिथी माघातली होती. शक चैत्रात बदलतो, आणि माघ येईतो इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं. म्हणजे १९१४. एका वर्षाने कुणाचं काय बिघडणार होतं, हा प्रश्न मी सरांना विचारला नाही. घाबरत होते.

एवढ्या कडक माणसाच्या हाताखाली शिकून मी जे केलं ते आज इथे लिहिते. एका जुन्या पुस्तकातला उतारा मला हवा होता. पुस्तक आमच्या ग्रंथालयात नव्हतं, पुण्याला जायला वेळ नव्हता, पैसेही नव्हते. तो उतारा एका समीक्षकांच्या ग्रंथात तळटिपेसह दिलेला होता. मी उतारा घेतला, तळटीपही घेतली. म्हणजे मी जणू ते मूळ पुस्तकच वाचलंय अशी नोंद केली. ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ एवढे चार शब्द लिहायचे होते. ते लिहिले असते तर कुणी फाशी दिली नसती. पण मूळ पुस्तकाचं नाव सूचीत असलं की सूची भारदस्त दिसते, आणि तेविसाव्या वर्षी भारदस्त दिसण्याची हौस फार असते. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्याच नोंदीवर बोट ठेवलं. माझ्या पोटात गोळा आला. ते म्हणाले, ‘हे पुस्तक मिळवलंत, छान.’ सर माझ्याकडे बघत होते की खिडकीबाहेर, हे मी आजवर ठरवू शकलेले नाही.

पुढे नोकरी लागली, पुण्याला जाणं झालं, आणि एका दिवाळीच्या सुट्टीत ते मूळ पुस्तक शेवटी हातात आलं. पृष्ठ ११७ उघडलं. तिथे तो उतारा नव्हताच, शेतसाऱ्याबद्दल काहीतरी होतं. अर्धा तास चाळल्यावर उतारा सापडला, पृष्ठ १७१ वर. घरी येऊन समीक्षकांचा ग्रंथ बघितला. त्यांच्याकडे १७१ च छापलं होतं. त्यांचं बरोबर होतं. उतरवताना आकडे मी उलटे केले होते. इथवरही ठीक होतं. माझा लघुप्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात धूळ खात असणार, कोण बघतंय. पण काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यासाठी शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रबंध चाळत होते, आणि एका प्रबंधात तो उतारा दिसला. खाली मूळ पुस्तकाचं नाव. पृष्ठ ११७. दुसऱ्या विद्यापीठातल्या दुसऱ्या प्रबंधात पुन्हा तोच उतारा, पृष्ठ ११७. माझं नाव कुठेही नाही. त्यांनी माझ्याकडून उचललं आणि मी जे केलं होतं तेच केलं. मूळ पुस्तक बघितल्याचा आव आणला. चोर ओळखायला चोरालाच बोलवावं म्हणतात, तसं मला ते एका नजरेत कळलं. मी रागवायला हवं होतं की शरमायला, ते ठरवता येईना. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात हेही होतं की चला, कुणीतरी माझा लघुप्रबंध उघडला तरी.

तर, ती मुलगी. तिला बोलावून घेतलं. गोल दाखवून म्हटलं, ‘अगं, आजीचं नाव लिही. पूर्ण.’ ती गप्प. मग हळूच म्हणाली, ‘मॅडम, विचारावं लागेल.’ मी म्हटलं, ‘कुणाला?’ ‘आजीलाच. आम्ही आजी म्हणतो, गावात सगळे तात्यांची आई म्हणतात. रेशनकार्डावर असेल.’ मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव मला तिच्या तेराव्याला कळलं. तिच्या माहेरगावचा एक म्हातारा एसटीने आला, ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि एका अनोळखी नावाने हळहळायला लागला. घरातले सगळे एकमेकांकडे बघायला लागले, की हा रडतोय ती कोण?

मुलगी सोमवारी परत आली ती फोनवर ध्वनिमुद्रण घेऊन. विभागात ऐकलं. आधी कोंबडा, मग भांडं पडल्याचा आवाज, मग मुलीचा प्रश्न, आजी तुझं पूर्ण नाव सांग. पलीकडून, ‘कंचं? म्हायेरचं का हितलं?’ लग्नात नाव बदललेलं. कागदपत्रांवर इथलं, ओव्या मात्र बऱ्याचशा माहेरच्या. मग कोणत्या नावाने नोंद करायची? झेरॉक्समध्ये याला कलम नाही. (दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. परवानगी प्रकल्पापुरतीच घेतलेली आहे.) मुलीने नंतर विचारलं, ही ओवी तू रचलीस का? तर म्हातारी जवळजवळ भांडायलाच उठली. ‘माझी न्हाई गं बाई ती. थोरल्या चुलतीची. ती म्हनायची, म्या मागनं वढायची. तिच्या जात्याव बसल्यालं म्या.’ पुढची ओवी, ती नणंदेकडून आलेली. त्याच्या पुढची, वारीत भेटलेल्या एका बाईची, गाव सांगितलं, नाव ‘म्हाईत न्हाई, पर उंच व्हती’. विचारलं नसताना प्रत्येक ओवीचं येणं कुठून झालं ते ती सांगत होती. शाळेची पायरी न चढलेली बाई. मी टेबलावरचा लाल पेन ड्रॉवरमध्ये टाकला.

ध्वनिमुद्रण आणि प्रकल्प शेजारी ठेवून वाचलं तेव्हा दुसरीच गोष्ट ध्यानात आली. ‘म्या’चं ‘मी’ झालं होतं, ‘व्हतं’चं ‘होतं’. एका ठिकाणी चरण तोकडा वाटला म्हणून एक शब्द पदरचा घातलेला. मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘शुद्धलेखनाचे मार्क कापतात ना मॅडम.’ कापतो खरे, मीच कापते. मग तिला नाथांचं सांगितलं. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि शेवटी बजावून ठेवलं की जो कोणी या पाठात स्वतःची ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. मुलगी म्हणाली, ‘नरोटी म्हणजे?’ करवंटी गं. तिने लगेच दोन्ही हातांची ओंजळ करून बघितली. तुकोबांची तक्रार बरोबर उलटी. सालोमालो नावाचा कुणी त्यांचे अभंग मोडून स्वतःचे म्हणून खपवत होता, त्यावर तुकोबांचा अभंगच आहे, ‘अवघें बचमंगळ केलें’ म्हणून, म्हणजे सगळा विचका केला. एक दुसऱ्याचं आपल्या नावावर घालतो, दुसरा आपलं दुसऱ्याच्या नावावर. आपल्या संतांना दोन्हींचा ताप झालेला आहे. मुलीने तो शब्द वहीत लिहून घेतला. बचमंगळ. त्या आठवड्यात वर्गात तो फारच चालला.

मग साम्यतपासणी, म्हणजे मजकूर कुठून उचललाय का ते यंत्राने बघणं. २०१८ च्या यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर पायऱ्या आहेत. ४० पर्यंत गेलं तर सहा महिन्यांत दुरुस्त करून द्यायचं, ६० पर्यंत वर्षभर बंदी, त्याच्याही पुढे नोंदणीच रद्द. उद्धृत मजकूर संदर्भ दिलेला असेल तर धरू नये असं नियमच सांगतो, पण आमच्या पोरांनी अवतरणचिन्हं दिलेली असतील तर ना. तुकोबांवर लिहिणाऱ्या मुलाचा अहवाल आला ३१ टक्के. पानंच्या पानं रंगलेली. घाबरून माझ्याकडे आला, ‘मॅडम, मी काहीच चोरलं नाही, सगळे अभंग तुकोबांचेच आहेत.’ त्याला बसवून अवतरणचिन्हं घालायला लावली. या मुलीचा अहवाल मात्र ६ टक्के, आणि आजीच्या ओव्यांच्या प्रकरणावर एकही रंगीत रेघ नव्हती. शून्य. यंत्राच्या मते हे सगळं अस्सल, कुणाचंही न घेतलेलं. आणि जिने गायलं ती बाई कळवळून सांगत होती की यातलं एकही माझं नाही.

मुलगी हसत होती. मीही हसले, पण मला तो कागद कुठे ठेवावा ते सुचेना.

मग आम्ही दोघींनी ती नोंद नव्याने करायला घेतली. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, लाखाच्या वर ओव्यांचा, तो तिला पारी या ग्रामीण भारतावरच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर दाखवला. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे. काही बायकांचे फोटो आहेत, कुणाचा पदर डोक्यावर, कुणी कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. ओवी म्हटली की आपण बिनदिक्कत ‘अज्ञात स्त्रिया’ लिहून मोकळे होतो. मीही शिकवताना हेच सांगत आले, ‘ओव्यांना कर्ता नसतो’ म्हणून. पानंच्या पानं नावं वाचताना मुलगी म्हणाली, ‘मॅडम, यात माझ्या आत्याच्या गावच्या बाई आहेत.’ आणि लगेच तिच्या आत्याला फोन लावला, तिथेच, माझ्यासमोर, विभागात.

ज्ञानेश्वरी संपताना माउली म्हणतात की मी व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत आलो. ‘भाष्यकारांतें वाट पुसतु’. ही ओवी मी दरवर्षी शिकवते, वीस वर्षं झाली असतील. संदर्भ दिला नाही की मुलांना ऐकवायला बरी पडते. त्या दुपारी मला त्यातला ‘पुसतु’ नव्याने दिसला. वाट पुसायला थांबावं लागतं, माणसाच्या तोंडाकडे बघावं लागतं. तेविसाव्या वर्षी मी तेवढं थांबले नव्हते. घरी गेल्यावर कपाटाच्या तळातून माझा लघुप्रबंध काढला. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरांतली दोन उडालेली. ती तळटीप शोधली, ११७ वर पेन्सिलीने रेघ मारून १७१ लिहिलं, आणि खाली चार शब्द, अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत. विद्यापीठातल्या प्रतीत अजून ११७ च आहे. ते दोन प्रबंधही आहेत तिथेच आहेत. त्या संशोधकांना कळवावं असं चार वेळा मनात आलं आणि पाचव्यांदाही येईल. कळवायचं म्हणजे त्यांची चोरी मला कळली हे सांगायचं, आणि माझी कशी कळली ते आधी सांगायचं.

प्रकल्प एप्रिलमध्ये बांधून आला. मौखिक स्रोत वेगळे करावेत असं मी सुचवलं होतं, मुलीने ऐकलं नाही. तिचं म्हणणं, सगळे एकाच सूचीत. मी फार ताणलं नाही. आजीची नोंद आता सासरच्या नावाखाली आहे, कंसात माहेरचं नाव, गाव, तालुका, मुद्रणाची तारीख, आणि ‘मुलाखत’ हा शब्द. पाठ जसाच्या तसा, ‘म्या’सकट. मी त्याचे मार्क कापले नाहीत. प्रकल्प चाळताना माझी सवय सुटली नव्हती, मागूनच सुरुवात केली. ‘त’ खाली तुळपुळे. ‘द’ खाली दाते, कारण जुन्या ओवीसंग्रहांची वर्षं शोधायला मी तिला तिकडेच पाठवलं होतं, आणि तिनेही विचारलं होतं की कुठे राहतात. त्या दोघांच्या मध्ये एक नवी नोंद होती. आम्ही दोघींनी केलेली नव्हती ती, तिने घरी जाऊन एकटीने केलेली:

थोरली चुलती (नाव आजीला आठवत नाही). ओवी क्र. ४, ५ आणि ११. आजीच्या माहेरचं जातं, वर्ष नाही.

बाहेरचे परीक्षक पुढच्या आठवड्यात येणार आहेत. ते या नोंदीवर बोट ठेवतील, हे मला पक्कं माहीत आहे.